धोंडीराम मुदीर आणि खसखशीचा डबा

आखातातल्या जुबैलच्या त्या कॅम्पात चारशे माणसं राहायची आणि त्यांतल्या एकालाही कंपनीने मुदीर केलेलं नव्हतं. तरी मुदीर एक होता. खोली नंबर चौदा, खिडकीकडची खाट, धोंडीराम धुरी. कामाने पाईप फिटर, वयाने सत्तेचाळीस आणि पोटाने त्याहून थोडा पुढे. मुदीर म्हणजे तिकडच्या बोलीत मॅनेजर, खुर्चीवर बसून सही करणारा. धोंडीरामाची खुर्ची म्हणजे ती खाट, आणि खातं एकच : गावाहून परत येताना बॅगेत काय आणायचं आणि काय बापजन्मात आणायचं नाही.

रजेवर निघालेला माणूस आधी ऑफिसात पासपोर्ट मागायला जाई आणि मग चौदा नंबरात यादी मागायला. पासपोर्ट मिळायला आठवडा लागे. यादी लगेच मिळे, वर काळा चहा आणि दोन उपदेश फुकट.

यादी शाळेच्या दोनशे पानी वहीत होती. अक्षर सुबक, शुद्धलेखन स्वतःचं. त्यातल्या नोंदी कॅम्पात लोकांना तोंडपाठ होत्या. ‘लोणचं : चालेल. बरणी काचेची नको. फुटली तर कस्टमवाला शिव्या देतो आणि त्या आपल्याला समजतात.’ ‘खोकल्याचं औषध : डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नको. नुसता खोकला चालेल.’ ‘देवाची तसबीर : मनात न्यावी. तिथे तपासत नाहीत.’ ‘भांग, गांजा : हे विचारायची वेळ आली असेल तर तू गावीच राहा.’ आणि सगळ्यात पहिल्या पानावर, सगळ्यात वर, नियम नंबर एक : ‘दुसऱ्याने दिलेला डबा उघडून बघितल्याशिवाय बॅगेत घालायचा नाही. देणारा सख्खा असला तर दोनदा बघायचा.’

वहीत एकाच शब्दाखाली लाल शाईच्या तीन रेघा होत्या. तो शब्द खसखस.

यावरून एकदा सुशील बागूल त्याच्याशी वाद घालायला आला होता. सुशील नाशिकचा, केमिकल इंजिनिअर, हातात कायम पाण्याची बाटली आणि तोंडात कायम ‘लॉजिकली’.

“काका, लॉजिकली सांगा. खसखशीत नशा असते का? माझी आजी बाळंतिणीला खीर करून घालायची.”

“नसते.”

“मग?”

“मग काय? ती ज्या बोंडातून निघते, त्याच बोंडातून अफू निघते. आई तीच, एक पोरगं संत नि दुसरं गुंड. पोलीस आला की घरच्यांची नावं एकाच कागदावर लिहितो.”

“पण त्यांना कळणार कसं? पांढरे दाणे. रवा आहे म्हणायचं.”

धोंडीरामाने चहाची बशी खाली ठेवली. “इंजिनिअरसाहेब, अरबीत खसखशीला काय म्हणतात?”

“काय?”

“खशखाश.”

धोंडीराम पुढे म्हणाला, “बघा नशीब. आपण हळदीला हळद म्हणतो, त्याला कळत नाही. हिंगाला हिंग म्हणतो, तो नाक धरतो, पण त्याला कळत नाही. सगळ्या मसाल्याच्या डब्यात हा एकच शब्द असा, की आपण मराठीत बोललो तरी त्याला अरबीत ऐकू येतो. तो विचारतो, एश हादा, हे काय? आपला माणूस भोळेपणाने सांगतो, खसखस. झालं. दुभाष्याचीसुद्धा गरज नाही.”

“आणि पुढे?”

“पुढे तुरुंग. किती ते त्याच्या मर्जीवर. नशेच्या मालाला इथे मोठा खटला असतो, साहेब, आणि खटल्याच्या शेवटी काय काय असतं ते तुम्ही पेपरात वाचता. दाण्याला वकील मिळत नाही.”

सुशीलने त्या दिवसापासून धोंडीरामासमोर ‘लॉजिकली’ म्हणणं कमी केलं. बंद केलं नाही, पण कमी केलं.

तर हे शहाणपण धोंडीरामाला आखातात आल्यावर आलं, असं कोणी समजू नये. तो ते घरून घेऊन आला होता आणि तेही कस्टमने अडवलं नव्हतं. त्याचं गाव बांद्याच्या अलीकडे, गोव्याच्या हद्दीला पाठ लावून बसलेलं. त्याच्या मामाची नारळाची बाग अशी होती की झाड महाराष्ट्रात आणि नारळ पडला तर गोव्यात. हद्दीवर एक ओढा. त्याच्या पलीकडे दारू स्वस्त आणि राजरोस. ओढ्याच्या अलीकडे तीच बाटली, तेच बूच, तोच वास, पण गुन्हा. पलीकडच्या दुकानदाराकडे परवाना होता. तो त्याच्या सरकारने दिलेला. तो ओढ्यात भिजला की त्याची शाई जायची. इकडच्या सरकारला इकडचा कर हवा, आणि कर भरून बाटली आणली तर ती इकडच्याच भावाची होते, मग ओढा ओलांडायचे कष्ट कोणी घ्यावेत? म्हणून लोक ती अंधारात आणत, गवताच्या भाऱ्यात, केळीच्या गाभ्यात, एकदा तर म्हशीच्या पोटाखाली बांधून. म्हैस नाक्यापाशी लघवीला थांबली आणि तिची बाटली पडली.

अकरा वर्षांच्या धोंडीरामाने त्या वयात एक गोष्ट पाहिली. शेवंता म्हणून एक मासेवाली होती, रोज डोकीवर टोपली घेऊन पलीकडून येणारी. मामाने तिच्या टोपलीत, बांगड्यांच्या खाली, तिला न सांगता एक बाटली सरकवली. नाक्यावरच्या शिपायाने त्या दिवशी नेमका बांगड्यांत हात घातला. शेवंता शपथा घेत राहिली. मामा पाच हातांवर उभा होता आणि माडाच्या शेंड्याकडे बघत होता, जणू नारळ मोजतोय. शेवंताला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ती सुटून आली, मामाला एक शब्द बोलली नाही, भांडली नाही. फक्त नंतर तीस वर्षं त्या घराच्या दारात टोपली उतरवली नाही. मामाच्या घरचे लोक बाजारात जाऊन शिळे मासे आणत. धोंडीरामाला पुढे आयुष्यात कायदा बऱ्याच लोकांनी समजावला, पण माडाच्या शेंड्याकडे बघणारा मामा त्याला कोणत्याही कलमापेक्षा जास्त लक्षात राहिला.

कॅम्पात त्याचा शेजारी पांडेजी, बनारसचा क्रेन ऑपरेटर. त्याला हे ओढ्याचं तत्त्वज्ञान फार आवडे, कारण त्याचंही एक दुःख होतं.

“धोंडीभाई, हमारे यहाँ भाँग का सरकारी ठेका है. बोर्ड लगा है बोर्ड! लाइसेंस नंबर के साथ. मैं वही पुड़िया लेकर बंबई आया, स्टेशन पर सिपाही ने पकड़ लिया. मैंने कहा, भाई, सरकारी है. बोला, कौन सी सरकार?”

“सही बोला,” धोंडीराम हिंदीत म्हणे, आणि त्याची हिंदी घाट चढताना दम लागल्यासारखी चाले. “तुम्हारा लायसन तुम्हारे गाँव का. उधर का सरकार इधर का सिपाही को पगार देता है क्या?”

“मगर देश तो एक है!”

“देश एक, रेघा अनेक. रेघा मतलब लकीर. पांडेजी, ठेकेवाला बंबई को माल क्यों नहीं भेजता? भेजना चाहता है. लेकिन बीच में जितना लकीर है, उतना बाप है. हर बाप का अलग कागज.”

“तो लकीर हटा दो!”

“हटाएगा तो भाव गिरेगा. फिर ठेकेवाला ही रोएगा.”

जुबैलच्या बाजारात एक खानावळवाला होता, मूळ हैदराबादचा. त्याच्या कुर्म्याला दाटपणा येत नव्हता आणि त्याला दुःख एकच होतं, खसखस नाही. त्याने एकदा धोंडीरामाला बाजूला घेऊन चिपळूण-सावंतवाडीच्या किराणा दुकानातल्या भावाच्या पंचवीसपट भाव सांगितला होता. एका किलोत महिन्याचा पगार. धोंडीरामाने बिर्याणी संपवली, हात धुतले आणि म्हणाला, “सेठ, खसखस का दाम तो गाँव में ही खतम हो गया. ये जो ऊपर का चौबीस पट है ना, ये लकीर का दाम है. और लकीर का दाम वो भरता है, जो लकीर पर खड़ा रहता है. तुम तो गल्ले पे बैठा है.” मग कॅम्पात परतायला निघताना दारातून वळून म्हणाला, “कुर्मे में काजू डालो. महँगा पड़ेगा, लेकिन रात को नींद आएगा.”

असा हा धोंडीराम. कॅम्पातल्या माणसांना त्याचा भरवसा होता आणि धोंडीरामाला त्याहून थोडा जास्त होता.

दोन हजार सातची दिवाळी शुक्रवारी आली. शुक्रवारी तिकडे सुट्टीच, त्यामुळे कॅम्पातल्या मराठी मंडळींना दिवाळीने स्वतःहून सवलत दिल्यासारखी वाटली. खोलीचं दार लावून, पडदा ओढून, फराळ करायचा ठरला. फराळ येणार होता श्रीकांतच्या बॅगेतून. श्रीकांत कुडाळचा इलेक्ट्रिशियन, तिशीतला, सरळ माणूस, दोन महिन्यांची रजा संपवून गुरुवारी दुपारी दम्मामला उतरणार होता. धोंडीरामाच्या घरून सत्यभामेने मालवणी मसाला आणि फराळाचा डबा त्याच्याकडे पोचवला होता.

सत्यभामेबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. तिचं माहेर आजऱ्याचं, म्हणजे घाटावरचं. धोंडीरामाच्या संसारातली पहिली सीमा गोव्याची नव्हतीच, आंबोलीचा घाट ही होती. बावीस वर्षं संसार झाला तरी ती मालवणी बोलायला तयार नव्हती आणि तो घाटावरचं बोलायला. दोघं आपापल्या बोलीत बोलत आणि भांडण मात्र दोघांना नीट समजे. मालवणी मसाला ती सासूकडून शिकली, पण अनारसे तिच्या आईचे. आजऱ्याकडचे, जाळीदार, हातात घेतले की बोटांवर तूप सुटणारे. कॅम्प तिच्या अनारशांचं नाव मागल्या दिवाळीपासून नुसतं ऐकून होता, कारण मागल्या वर्षी ते आणणारा माणूस मुंबईलाच आजारी पडला होता.

मसाल्याची काळजी धोंडीरामाने महिनाभर आधी घेतली होती. मालवणी मसाल्यात खसखस लागतेच. तो फोनवर म्हणाला होता, “ह्या बघ, मसाल्यात खसखस एक दाणो नको. चव गेली तरी चलात.” सत्यभामा म्हणाली होती, “बरं.” एका शब्दात. बायकोने एका शब्दात ऐकलं की धोंडीरामाला समाधान वाटे. तिथेच चुकलं.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता, फोनचं कार्ड खरवडून, त्याने घरी फोन लावला. श्रीकांतचं विमान मुंबईहून निघून तेव्हा दोन-अडीच तास झाले होते.

“श्रीकांताकडे दिलंस मा सगळा?”

“दिलं की. मसाल्याच्या दोन पिशव्या, चिवडा, शंकरपाळी आनि अनारशाचा डबा. स्टीलचा, कडीचा.”

“आणि मसाल्यात…”

“अवो, न्हाई घातली! किती येळा सांगू? एक दाना न्हाई. चव बिघडली तर माझं नाव घेऊ नका.”

“शाबास.”

“आता एवढी पावशेर खसखस आनून ठेवल्याली, ती काय फुकट घालवू व्हय? समदी अनारशाला लावली. एरवी मी हात आखडता घेते, यंदा अशी दाट थापली, अशी दाट, की बघत ऱ्हावं नुसतं.”

धोंडीरामाच्या कानाशी फोन होता, पण कान तिथे नव्हता.

वहीत दोनशे पानं होती. मसाला होता, खीर होती, कुर्मा होता, थंडाई होती. अनारसे नव्हते. अनारसा म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे अनारसाच येई, गोल, तांबूस, खुसखुशीत. त्याच्यावर काय असतं हे त्याला कधी सुचलंच नव्हतं, जसं देवळात गेल्यावर कोणी कळसाचं वजन विचारत नाही. अनारसा थापतातच खसखशीवर. खसखशीवाचून अनारसा म्हणजे कुंकवाशिवाय हळद. हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं आणि मुदीराला, नेमकं मुदीराला, आठवलं नव्हतं.

“अवो, ऐकतासा न्हवं?”

“ऐकतंय,” तो म्हणाला. “नंतर करतंय फोन.”

त्याने श्रीकांतचा नंबर लावला. बंद. लागणारच बंद, माणूस अरबी समुद्रावर होता. धोंडीराम उठला, शर्ट घातला, इकामा, म्हणजे तिकडे राहायचा परवाना, खिशात आहे हे तीनदा चाचपलं आणि पांडेजीच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिला.

“पांडेजी, पिकअप की चाबी है?”

“है. किधर?”

“एअरपोर्ट. यल्ला, चलो.”

जुबैलहून विमानतळापर्यंत तासाभराचा सरळ रस्ता. एका बाजूला चिमण्यांच्या टोकावर दिवसाढवळ्या पेटलेल्या ज्वाळा, दुसऱ्या बाजूला वाळू आणि तिच्यात विचारात पडलेले उंट. पांडेजीने सगळं ऐकून घेतलं आणि क्रेन चालवणाऱ्या माणसाच्या सावकाशीने म्हणाला, “देखो धोंडीभाई. तुम चुप रहो. तिल जैसा दिखता है. शायद देखेगा ही नहीं. तुम जाकर बोलोगे तो पक्का देखेगा.”

हे खरं होतं. धोंडीरामाने दहा किलोमीटर त्या खरेपणाचा विचार केला. तपासनीस घाईत असेल. डबा उघडेल, मिठाई बघेल, बंद करेल. शंभरात पन्नास वेळा तसंच होतं. राहिलेल्या पन्नासांत तो डब्याकडे बोट दाखवून विचारेल, एश हादा? आणि श्रीकांत, सरळ माणूस, कुडाळचा, आईने शिकवल्यासारखा खरं सांगेल, ‘अनारसे. वर खसखस.’

आणि मुदीर तेव्हा कुठे असेल? काचेबाहेर. कशाकडे बघत? तिथे माड नव्हते. पण बघायचं म्हटलं तर माणसाला छतही पुरतं.

“पांडेजी,” धोंडीराम म्हणाला, “मेरे मामा का एक किस्सा है.”

“अभी?”

“नहीं. लौटते टाइम. लौटा तो.”

विमान उतरून वीस मिनिटं झाली होती. आगमनाच्या दारापाशी कस्टमचा एक पहारेकरी खुर्चीत बसून जपमाळ ओढत होता. धोंडीराम त्याच्यापुढे गेला. पंधरा वर्षांत त्याची अरबी साइटवर तयार झालेली, म्हणजे व्याकरण सोडून सगळं होतं तिच्यात. त्याने सलाम केला, स्वतःचा इकामा काढून पुढे धरला आणि म्हणाला, आत एका माणसाच्या बॅगेत एक डबा आहे. “हादा मल अना.” तो माझा आहे. “हुवा मा फी मालूम.” त्याला काही माहीत नाही.

“डब्यात काय?”

धोंडीरामाने श्वास घेतला. “हलवा. आणि हलव्यावर,” तो म्हणाला, “खशखाश.”

जपमाळ थांबली.

पाच मिनिटांनी तो आतल्या टेबलापाशी एका बाकावर बसला होता. त्याचा इकामा एका अधिकाऱ्याच्या वरच्या खिशात होता. अधिकारी चष्मेवाला, दाढी नीट कातरलेली, शाळामास्तरासारखा. त्याने धोंडीरामाला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. इतक्या वर्षांत त्याच्यापुढे माल लपवणारे खूप आले असतील. स्वतःचा माल सांगायला बाहेरून आत आलेला बहुधा हा पहिलाच. “इजलिस,” तो म्हणाला. बस. धोंडीराम बसलेलाच होता, तरी तो परत एकदा बसला.

प्रवासी येऊ लागले. बॅगा टेबलावर आपटत होत्या, उघडत होत्या, कोणाच्या साड्या, कोणाची पापडांची थप्पी, कोणाची कुकरची शिटी. आणि मग श्रीकांत दिसला. दोन महिन्यांत गावाला चांगलाच भरला होता. त्याने बाकावर बसलेल्या धोंडीरामाला बघितलं आणि तोंडभर हसला.

“धोंडूदा! तुमी? भितर? वळख काढलास काय?”

“गप रव,” धोंडीराम दातांतून म्हणाला. “काय विचारल्यानी तर सांग, डबो माझो.”

अधिकाऱ्याने बॅग उघडली. मसाल्याच्या पिशव्या बाजूला ठेवल्या, चिवडा बाजूला ठेवला. टॉवेलात गुंडाळलेला स्टीलचा डबा बाहेर आला. धोंडीरामाला तो ओळखू आला. त्यावर त्याच्या लग्नाची तारीख कोरलेली होती. त्याने मनात एक गोष्ट ठरवली. दुसरं काही झालं तरी छताकडे बघायचं नाही. तो डब्याकडे बघत राहिला.

कडी निघाली. झाकण निघालं.

आत ग्लुकोजची बिस्किटं होती. उभी, शिस्तीत, पाकिटातून काढून लावलेली. डब्याचा तळ धुतलेला, पुसलेला, आरशासारखा. अधिकाऱ्याने चार बिस्किटं उचलून खाली पाहिलं, एक मोडून पाहिलं, चष्मा वर केला आणि धोंडीरामाकडे वळला.

“वेन खशखाश?”

कुठे आहे खसखस? हा प्रश्न धोंडीरामालाही विचारायचा होता. तो श्रीकांतकडे वळला आणि दोघांची मालवणी सुरू झाली.

“अनारशे खंय गेले?”

“अनारशे? मुंबयक विमानतळावर उघडलंय डबो. नियम नंबर एक. तुमीच लिवलास ना? देणारो सख्खो असलो तर दोनदा बघायचो. पयल्या खेपेक बघलंय, अनारशे. दुसऱ्या खेपेक बघलंय, अरे, वर खसखस! म्हटलंय, वयनीक कायतरी चूक झाली. मगे बाहेरच सगळ्यांक वाटून टाकलंय. एक पंजाबी कुटुंब होता, तेनी सा खाल्ल्यानी. आमच्या भावाशीन चार. झाडूवाल्या बाईक दिलंय, ती म्हणाली, असे माझ्या आईचे होते.”

“आणि डबो?”

“डबो नळाखाली धुतलंय, तीनदा. मगे म्हटलंय, वयनीचो डबो, रिकामो कसो न्हेऊ? रिकामो डबो परत देऊ नये. म्हणान बिस्किटां घेतलंय.”

“तू खाल्लंस?”

श्रीकांतने मान खाली घातली. “एक. पण सायबाक सांगू नका.”

अधिकारी दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता. त्यातला एक शब्द त्याला समजला होता, तोच तो. धोंडीराम उठला आणि त्याच्या तुटक्या अरबीत, हातवारे करत, त्याने सगळं सांगितलं. बायकोने लावली. याने मुंबईत बघितली. तिथेच वाटली. इथे काहीच नाही. मला माहीत नव्हतं. अधिकाऱ्याने ऐकून घेतलं, मसाल्याची पिशवी उघडून वास घेतला, तीन शिंका दिल्या, मसाला चाळणीने चाळायला पाठवला, डबा पुन्हा एकदा उलटा करून ठोकला. दहा मिनिटांनी पिशवी परत आली. एक दाणा नाही. सत्यभामेने शब्द पाळला होता.

“तू,” अधिकारी धोंडीरामाला म्हणाला, “बाहेर होतास. तुला कोणी विचारलं नव्हतं.”

“नव्हतं.”

“मग का आलास?”

धोंडीरामाला मामाची गोष्ट अरबीत सांगता येण्यासारखी नव्हती. त्यात माड होता, बांगडे होते आणि शेवंता होती. तो एवढंच म्हणाला, “हादा मल अना.”

अधिकाऱ्याने खिशातून इकामा काढला, त्यावरचा फोटो आणि समोरचा माणूस ताडून पाहिला. “मजनून,” तो म्हणाला, वेडा आहेस, पण हळू, घरातल्या माणसाला म्हणावं तसं. मग इकामा टेबलावर ठेवला, त्याच्यावर एक बिस्किट ठेवलं. “खलास. रूह.” झालं, जा.

पिकअपमध्ये तिघंजण पुढच्याच बाकावर कोंबून बसले. पांडेजीला वाटेत मामाचा किस्सा ऐकावा लागला, अगदी पहिल्यापासून, म्हशीसकट. श्रीकांत मध्येच झोपला. जुबैलच्या ज्वाळा दिसायला लागल्या तेव्हा धोंडीरामाचा आवाज पुन्हा मुदीराचा झाला होता. “पांडेजी, देखा? मेरा नियम कितना पक्का है. मैं भूल गया, नियम नहीं भूला.”

“नियम तुमने लिखा, धोंडीभाई,” पांडेजी म्हणाला, “मगर पढ़ा तो इसने.”

शुक्रवारी फराळ झाला. चिवडा, शंकरपाळी आणि स्टीलच्या डब्यातली बिस्किटं. सुशील फॅमिली क्वार्टरमधून आपल्या बायकोला, श्रुतीला, घेऊन मुद्दाम आला आणि बिस्किट चहात बुडवताना म्हणाला, “काका, लॉजिकली हा अनारसाच आहे. फक्त सीमा ओलांडून आलेला.” श्रुती म्हणाली, “तुम्ही गप्प बसा. त्यांनी जे केलं ते तुम्ही केलं असतंत का?” सुशील बिस्किट बुडवतच राहिला आणि ते चहात पडलं.

संध्याकाळी धोंडीरामाने घरी फोन लावला.

“कसं झाल्यात अनारसं?” सत्यभामेने पहिलं तेच विचारलं.

धोंडीरामाने तिला सगळं सांगितलं. लपवलं काही नाही. आदल्या दिवशी दोनदा खरं बोलून त्याला सवय झालेली. कार्डावरचे पैसे उडत होते, ते त्याने उडू दिले.

“म्हंजी,” ती म्हणाली, “माझ्यामुळं तुमी आत जायचं?”

“तुझ्यामुळे नाय. माझ्या वहीमुळे. अनारसो लिवकच इसारलंय.”

“आनि सगळं त्या पंजाब्यांनी खाल्लं?”

“सा खाल्ल्यानी.”

“बरं म्हनलं का?”

“परत मागीत होते, श्रीकांत म्हणता.”

“मग हुंदे,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातली घाटावरची ऐट पुन्हा जाग्यावर आली. “फुडल्या साली तिळावर थापते. पांढरं तीळ. आजऱ्याची मानसं नावं ठेवतील, पर त्यांना काय, त्यास्नी घाट वलांडायचा न्हाई.”

फोन ठेवून धोंडीरामाने वही काढली. लाल शाईत, खसखशीच्या खाली, त्याने चौथी रेघ ओढली आणि लिहिलं : ‘अनारसे : तिळाचे चालतील. खसखशीचे मुंबईतच वाटावेत. आणणाऱ्याने एक खावा. डबा धुवावा. रिकामा आणू नये.’

मग पान उलटून तो पहिल्या पानावर गेला. नियम नंबर एकच्या शेवटी थोडी जागा होती. तिथे त्याने बारीक अक्षरात भर घातली : ‘डबा मुदीराच्या बायकोचा असला तर तीनदा.’